पालथी होडी

मला त्या साहेबाचा राग अजून येतो. पंचवीसेक वर्षं झाली असतील, तरी येतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीवरच्या धरणाच्या काठाला आमचं घर. वडील, म्हणजे आमचे दादा, धरणात मासे धरायचे आणि मासळी दौंडच्या बाजाराला जायची. आमच्याकडे आषाढात पाऊस बेताचाच, वारा मात्र असा की वाळत घातलेलं लुगडं बाभळीवर जाऊन बसायचं. नेमका असा वारा बघून रविवारी एक साहेब जीपवर फळी आणि शीड बांधून यायचे. विंडसर्फिंग म्हणे. फळीवर उभं राहायचं, शीड हातात धरायचं आणि वाऱ्याबरोबर पळायचं. करा बापडे. आमचं काय जात होतं?

गेलं ते असं. त्या रविवारी वारा फारच चढला. साहेब मधोमध उलटले, शीड पाण्यात आडवं पडलं आणि ते फळीला लोंबकळून एक हात हलवायला लागले. मी काठावर कपडे धूत होते, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दादा तेव्हा जाळं ओढत होते. अर्धं होडीत, अर्धं पाण्यात. तेवढं ओझं घेऊन वल्हवणं शक्य नव्हतं. त्यांनी विळ्यानं जाळं कापलं, होडीतलंही पाण्यात लोटलं आणि गेले. आईनं शिरूरच्या बाजारात दोन शेळ्या विकून घेतलेलं नवंकोरं जाळं होतं. वाऱ्यानं ते पाण्याखालच्या बाभळींत नेलं. नंतर हाताला आल्या त्या चिंध्या.

साहेबांनी काठावर आल्यावर ओलं पाकीट काढलं. दादांनी हात जोडले. आमच्यात पाण्यातून माणूस काढला तर त्याच्याकडून काही घेत नाहीत, चहाचा घोटसुद्धा नाही. घेतलं तर पुढच्या बुडणाऱ्या माणसाला पाणी सोडत नाही, असं मानतात. साहेबांनी पाकीट लगेच खिशात घातलं. साध्या चहाला आपण तीनदा आग्रह करतो. यांनी एकदासुद्धा केला नाही, आणि जाळ्याचं काय झालं हेही विचारलं नाही.

"दादा, ते जाळ्याचे पैसे होते, जिवाचे न्हाईत," मी म्हटलं.

"लोकांना काय, घेतलं म्हंजी घेतलं," दादा म्हणाले. मग जुनं, भोकं पडलेलं जाळं घेऊन बसले. त्यात लहान मासा राहायचा नाही. महिनाभर घरात कालवणाला नुसतं पाणी होतं. मला साहेबाइतकाच दादांचाही राग आला होता.

लगेच पुढच्याच रविवारी साहेब पुन्हा आले, बरोबर दोन मित्र. "इथली माणसं फार चांगली आहेत," ते मित्रांना सांगत होते, "काही झालं तर धावून येतात, पैसेही घेत नाहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्याआधी आई उठली आणि सरळ जाऊन त्यांच्या फळीवर बसली.

"साहेब, आधी जाळं आणा. मग जा पाण्यात."

"अहो मावशी, त्यांनीच नको म्हटलं."

"ते काढणारे हायत, त्यांनी घ्यायचं न्हाई. मी कुठं काढलं तुम्हाला? मी मागते."

"मी कुणाला बोलावलं नव्हतं," साहेब म्हणाले. "लाइफ जॅकेट होतं. मी आलोच असतो बाहेर. आणि हे धरण सरकारी आहे, तुम्हाला अडवता येणार नाही."

बोलावलं नव्हतं! मग तो हात काय आम्हाला टाटा करायला हलवत होते?

दादा थोड्या अंतरावर होडीजवळ उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी होडी काठावर ओढली, पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

"ऊठ गं," ते आईला म्हणाले. "साहेब, तुम्ही खुशाल जा. आज होडी पालथी हाय."

आई उठली. साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. लाटांना पांढरा फेस आला होता. मग होडीकडे पाहिलं. एक मित्र म्हणाला, "राहू दे रे आज." त्यांनी शीड गुंडाळलं, फळी जीपवर चढवली आणि आमच्याकडे न बघता गेले. जाळं काही आलं नाही, आणि साहेबही पुन्हा आले नाहीत.

धूळ खाली बसेपर्यंत दादा तसेच बसून होते. मग मला हाक मारून म्हणाले, "ये, सुलटी करू लाग."

मी जवळ गेले तेव्हा दिसलं. वल्हं त्यांनी खाली ठेवलंच नव्हतं, मांडीवर आडवं धरून बसले होते. साहेबांना ते दिसलं नाही, हे फार बरं झालं.