वाण कोण परत करतं?

तुयें गावच्या कारखान्यात मशीन धडधडत असताना वहिनीचा, म्हणजे आतेच्या सुनेचा, फोन आला, "भावजी, तुमची आते गेली." मी विचारलं, कुठे? कारण पार्शें गावची माझी सुमनआते घरी नसायचीच. एकतर वांग्यांच्या वाफ्यात, नाहीतर कुणाशी तरी भांडायला... मग वहिनी रडली, तेव्हा कळलं.

आतेच्या एका वांग्यात पन्नास पानांची पंगत उठायची. बरं, पंचेचाळीस. साल अशी चकचकीत, की काका त्यात बघून दाढी करत. बी तिला सासूकडून आलेलं. दर हळदीकुंकवाला गावातल्या नव्या सुनांना ती वाण म्हणून त्यातलंच चिमूटभर द्यायची. म्हणायची, वाणाक वाणच देवचा.

हे कुणीतरी हेरलं. तीन वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीने देवळाच्या मंडपात हळदीकुंकू ठेवलं आणि प्रत्येकीच्या ओटीत वांग्याची रोपं घातली. कीड लागत नाही, एवढंच सांगितलं. आतेने ती आपल्या वाफ्याशेजारी लावली. ओटीत पडलेलं वाण कोण परत करतं?

दोन पिकं निघाल्यावर शेतकी शिकणारी माझी भाची म्हणाली, ही जनुक बदललेली, बिनपरवान्याची रोपं दिसतात. आते म्हणाली, "जानवां बदललां? वांग्याची मुंज कोणी केली?" आम्ही पोट धरून हसलो. मग भाचीने भुंग्यांचं समजावलं, पराग या फुलावरून त्या फुलावर... आते उठून वाफ्याकडे गेली. भुंग्याला हद्द कोण दाखवणार?

मी तिला कंपनीच्या कचेरीत नेलं. साहेबाने चहा दिला आणि विचारलं, आजी, खाऊन कोण मेलंय का?

"मेलेल्यांचा नाय विचारूक, पुता. माझ्या बियांत तुझा किती मिसळलां, तितक्याच सांग."

त्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. खाऊन काय होतं मला ठाऊक नाही. पण न विचारता एका बाईच्या ओटीत प्रयोग घालणाऱ्याला मी विद्वान म्हणणार नाही, चोर म्हणेन.

यंदाच्या हळदीकुंकवाला आतेने कंगवे वाटले.

बारावं झालं आणि शेजारची नवी सून बी मागायला आली. वहिनीने फडताळातला, बी साठवायचा पोखरलेला सुका भोपळा काढला. तोंडाच्या फडक्याला आतेच्या हातची चिठ्ठी होती: ह्यां बी कोणाक देव नकात.

वहिनीने विचारलं, फेकूया? मी नको म्हणालो. पेरूया? तेही नको म्हणालो... ती पोर ओटी पसरून तशीच उभी होती.