भेंडीचा शिक्का

भेंडी चिरताना बोटांना लागणारा तो बुळबुळीत, हिरवट वासाचा चिकटपणा मला मनापासून आवडतो. आवडतो म्हणजे काय, आताशा आवडू लागला आहे! आखातातल्या फुजैरा शहरातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नांगर टाकून उभी असलेली तेलवाहू जहाजं दिसतात, बाजूला उघडेबोडके डोंगर दिसतात, आणि ओट्यावर देठाकडून कापलेल्या भेंडीत पाच पाकळ्यांचं एक फूल उमलतं. या रुक्ष भूमीत नेत्रसुखाला एक भेंडी पुरते, हे कुणी पूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ओट्याशेजारच्या टेबलावर माझी शाळा भरते. विद्यार्थिनी एकच, माझी दहा वर्षांची सई. घरी अखंड बडबडणारी ही पोर वर्गात मात्र मुकी होत गेली. हजेरीलासुद्धा ओठ उघडेना. मी स्वतः इथल्याच एका शाळेत शिक्षिका. जगाच्या पोरांना बोलतं करणारी, आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार! अखेर गेल्या वर्षी मी नोकरी सोडली आणि तिला घरी शिकवू लागले. जमत नव्हतं म्हणून सोडली, असं तिला सांगितलं.

सईच्या बाबांची कंपनी मुलांच्या शिक्षणाचा भत्ता देते, पण शाळेच्या शिक्क्याच्या पावतीवरच. घरच्या शाळेला कुठला शिक्का? माझा पगार थांबला, भत्ताही थांबला. अशातच अमेरिकेतल्या मावसबहिणीने फोनवर सांगितलं, की तिच्या राज्यात सरकारच मुलांच्या नावाने शिक्षणाचं खातं उघडतं. खाजगी शाळा असो वा घरची, पुस्तकं, शिकवणी, सगळं त्यातून भागतं. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. दुरून डोंगर साजरे, अशी मनाची समजूत घातली. पण आईच्या शिकवण्याला शिक्षण मानणारं एखादं सरकार जगात आहे, या कल्पनेनेच मी दिवसभर हळवी झाले होते.

त्या फोनच्या बळावर आम्ही कंपनीला अर्ज केला. नकार आला, तर पुढच्या सत्रापासून सई पुन्हा शाळेत, असं सईच्या बाबांनी मला समजावलं होतं. ते चुकत नव्हते, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. ज्या वर्गात ती मुकी झाली, तिथे तिला पुन्हा कोणत्या तोंडाने पाठवू?

बोलावणं आलं तेव्हा आम्हा दोघांबरोबर सईही हट्टाने आली. एचआरचे सुदानी गृहस्थ वृत्तीने प्रेमळ. "मॅडम, क्या करेगा? स्टॅम्प नहीं, तो खलास," ते खरोखरच्या दुःखाने म्हणाले. तोच सईने दप्तरातून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. वर तिच्या अक्षरात 'फी रिसीट', आणि खाली निळ्या शाईत भेंडीचा ठसा, पाचही पाकळ्या स्पष्ट! ठशांचं हे चित्रकाम मीच तिला आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. मला हसू आवरेना, आणि ओशाळल्यासारखंही झालं.

गृहस्थांनी गंभीरपणे चष्मा चढवला. रकमेचा रकाना कोरा होता. त्यांनी लाडाने विचारलं, "हाऊ मच फी, हबीब्ती?"

मी सवयीने तिच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. पण सई त्यांच्याकडे सरळ बघत, स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "माय मदर्स जॉब. शी ऑलरेडी पेड."

आपल्याला काहीच कळत नाही असं मुलांना वाटतं, की मुलांना काहीच कळत नाही असं आपल्याला? तिथेच, त्या परक्या खुर्चीवर, मी रडले.

भत्ता मिळाला नाही. नियम तो नियम. पण परतताना गाडीत सईचे बाबा म्हणाले, "यंदा राहू दे शाळेचं. पुढच्या वर्षी तीच सांगेल काय ते." मागच्या सीटवरून उत्तर आलं, "इन्शाल्ला, बाबा." आम्ही तिघंही हसलो.

त्या कागदाची मूळ प्रत गृहस्थांनी ठेवून घेतली. कुठल्या फाइलला लावली कोण जाणे. मी मात्र आजही भेंडी चिरायला घेतली, की देठाकडचा एक तुकडा बाजूला काढून ठेवते. टेबलावरून सई मोठ्याने हजेरी घेते, एकच नाव पुकारते, आणि "प्रेझेंट!" असं उत्तरही तीच देते.