दिवाळीच्या सुट्टीतली कुजबुज

स्कॅनचा निकाल सांगताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं, पडद्यावरचं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "गाठ आकसतेय. किमो लागू पडतोय. पुढचा डोस दिवाळीनंतर घेऊ. सुट्टी आहे, घरी मजेत राहा." मी मान हलवली, पर्स उचलली. तेवढ्यात ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही जरा थांबता का?"

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. दार आतून लागलं. संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात मी पावसाळ्यापासून येत होते, पण मला बाहेर बसवून दार लावायची ही पहिलीच वेळ. हे बाहेर आले ते चष्मा पुसतच.

"काय म्हणाले?"

"काही नाही. डोसच्या आधी कोणती गोळी घ्यायची, ते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वही घरी राहिली म्हणून सांगणाऱ्या पोराचा चेहरा मला लांबून ओळखू येतो. ह्यांचा चेहरा तसाच होता. गोळ्या मी घेते, मोबाइलमध्ये त्यांचे गजर मीच लावलेत. मग गोळीची गोष्ट मला वगळून ह्यांना कशाला सांगतील? जालना येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. गाठ आकसतेय, हे मला ऐकवायला. खरं काय ते दाराआड.

"मजेत राहा" हेसुद्धा मला खुपलं. बऱ्या होणाऱ्या माणसाला पथ्य सांगतात. मजा करा असं कोणाला सांगतात, ते मला माहीत होतं.

दोनच दिवसांत लेक पुण्याहून आली. ती इंजिनिअरिंगला आहे. दर वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी येते आणि गाडीत जागा नव्हती म्हणून घरात पाऊल टाकल्या टाकल्या भांडते. ह्या वेळी आठवडाभर आधीच दारात.

"कॉलेजला सुट्टी जल्दी लागली," ती म्हणाली.

आम्ही जालन्याच्या मस्तगडात राहतो. तिच्याच वर्गातली एक मुलगी आमच्या गल्लीत आहे. तिची आई भाजी घेताना खिडकीखाली भेटली. मी वरूनच विचारलं, "तुमची आली का?" ती म्हणाली, "कुठलं, अजून कॉलेज चालू आहे म्हणते." मी खिडकी लावून घेतली. लेकीला काही बोलले नाही. शाळेतही मी चोरी पकडली की लगेच हाक मारत नाही, आधी अजून काय काय निघतंय ते बघते.

आणि निघत गेलं. लेकीचा फोन वाजला की ती गच्चीत जायची. मी जिना चढायला लागले की बोलणं थांबायचं, आणि मी वर पोचले की ती आकाशकंदिलाला कागद चिकटवत बसलेली असायची. हे कारखान्यातून आले की दोघं स्वयंपाकघरात हळू बोलायची. मी गेले की विषय चहाचा निघायचा.

सगळ्यात मोठी शंका आली ती ह्यांच्या गोडपणाने. आमचा संसार भांडणावर उभा आहे. चहात साखर किती, पंखा किती नंबरवर, ह्यावर आम्ही वीस-बावीस वर्षं एकमेकांना सोडलेलं नाही. आता मी काहीही म्हणाले की हे, "हो, बराबर आहे." म्हणून मी एक परीक्षा घ्यायची ठरवली. बैठकीत झोपाळा हवा, हे माझं लग्नापासूनचं म्हणणं, आणि स्लॅबला भोकं पाडायची नाहीत, हे ह्यांचं. एका संध्याकाळी मी सहज म्हणाले, "झोपाळा असता तर पडल्या पडल्या झोके घेतले असते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री ड्रिल मशीन घेऊन हजर. संध्याकाळी सागवानी पाट, पितळी कड्या, वर गादी. शेजारपाजारच्या बघायला आल्या. लेकीने मला बसवून झोका दिला. ज्या माणसाने भिंतीला खिळासुद्धा ठोकू दिला नाही, तो स्लॅब फोडतो, म्हणजे माझं काही खरं नाही.

तरी खोटं कशाला बोलू, झोपाळा मला आवडला. किमोने तोंडाला लोखंडासारखी चव आली होती, तळपाय जळायचे, पण त्या वेळच्या दुपारी छान होत्या. शाळेच्या दिवसांत अशी दुपार माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. उन्हाचा चटका गेलेला, गल्लीत पोरांचे किल्ले चाललेले, खालच्या घरातून चिवड्याच्या फोडणीचा वास. मी झोपाळ्यावर बसून सीताफळ खायची. तेवढंच गोड गोडासारखं लागायचं. लेक एकेक डोळा उघडून द्यायची आणि मी बिया बशीत थुंकायची. मध्येच वाटायचं, ही माझ्याकडे इतकं टक लावून का बघते?

मग बहीण आली. माझी धाकटी बहीण वाटूरला दिलेली. घरची शेती, आणि ते दिवस कापूस वेचणीचे. वेचायला बाई मिळत नाही म्हणून गावात ओढाताण चाललेली असते. ह्या दिवसांत ती भाऊबीजेलासुद्धा सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारी. त्या दिवशी हे कारखान्यात जातो म्हणून डबा न घेता, चांगला शर्ट घालून बाहेर पडले आणि दिवस मावळता परत आले ते तिला घेऊनच.

"स्टँडवर भेटली," हे म्हणाले.

"कशी काय आलीस गं? कापूस?"

"सासूबाई बघून राह्यल्या की," ती म्हणाली. "म्हनलं, अक्कासंगं चार दिवस ऱ्हावं."

तिच्या हातात एक छोटी पिशवी होती, बस. वाटूरहून रिकाम्या हाताने आलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. शेंगा, ज्वारीचं पीठ, काहीच नसेल तर वाटेवरच्या ओळखीच्याकडून भोपळा तरी. शिवाय दर वेळी ती आल्या आल्या मला मिठीत घेते, दुखेल म्हटलं तरी ऐकत नाही. ह्या वेळी तिने लांबूनच माझ्या गालाला हात लावला आणि पदर घट्ट ओढून घेतला. मी मनात म्हणाले, हिलाही सांगितलेलं दिसतंय. निरोप घ्यायला माणसं गोळा करून राह्यलेत.

आमच्याकडे लक्ष्मीपूजन नसतं. संध्याकाळी बुद्धवंदना होते, दिवे लागतात आणि फराळ मात्र सगळा होतो. बहीण आणि लेक चकल्या करायला बसल्या. सोऱ्या दाबायचं काम बहिणीचं, तिच्या हातात ताकद आहे. पण ती म्हणाली, "पोरी, तू दाब, मी तळते." झाराही तिने डाव्या हाताने धरला. मी झोपाळ्यावरून बघत होते.

"हाताला काय झालं?"

"कापसाचं गठुडं उचलताना लचकला."

"दवाखान्यात गेलीस?"

"न्हाई वं. तेल लावलं की जातंय."

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पहाटे उठणं मला झेपणारं नव्हतं. ऊन वर आल्यावर बहिणीने पाणी तापवलं, उटणं भिजवलं आणि मला न्हाणीघरात पाटावर बसवलं. डोक्यावर माझ्या एक केस नव्हता. तिने तेल ओतलं तर ते सरळ कानामागून ओघळलं. "ह्या दिवाळीला तेलाची बचत," मी म्हणाले. ती हसली आणि मीही हसले. खूप दिवसांनी दोघी एकदम हसलो. लहानपणी आई आम्हाला एकाच पाटावर बसवून घासायची, तसं तिने माझी पाठ घासली, पण सगळं डाव्या हाताने. तांब्या भरताना वाकली तेव्हा पाणी तिच्या अंगावर उडालं, पदर सरकला. ओल्या ब्लाउजमधून उजव्या बाजूला, काखेच्या जरा पुढे, पांढरी पट्टी दिसली. कडेने निळं पडलेलं.

ती पट्टी मी ओळखते. सुई आत घालून गाठीचा तुकडा काढला की तिथे लावतात. माझ्याही छातीवर लावली होती, डाव्या बाजूला.

मी तिचं मनगट धरलं. "हे कधी केलं?"

तिने पदर वर ओढला. तांब्या बादलीत तरंगत होता.

"कधी केलं, विचारून राह्यले मी."

"इथं आले ना, त्याच दिवशी," ती म्हणाली. "दाजी घेऊन गेल्ते संभाजीनगरला. तुला सांगू नको म्हनले. दिवाळी खराब व्हईल तुझी."

तिने मला टॉवेलात गुंडाळलं आणि मग सगळं सांगितलं. त्या दाराआड डॉक्टर ह्यांना म्हणाले होते, बाईंना बहीण असेल तर तिची तपासणी करून घ्या, मुलीचीही पुढे करावी लागेल, पण हे त्यांना आत्ता ऐकवू नका, त्यांच्या मनावर आधीच ताण आहे. ह्यांनी वाटूरला फोन केला. बहिणीने हाताने चाचपून पाहिलं तर लिंबाच्या बीएवढं काहीतरी लागलं. लेक पुण्याहून लवकर आली ती ह्यासाठीच. गच्चीतले फोन मावशीला धीर द्यायचे होते.

"मग रिपोर्ट?"

"दिवाळीमुळं लॅब बंद हाये. सुट्ट्या संपल्यावर."

मी कपडे केले आणि ह्यांना व लेकीला बैठकीत बोलावलं. ओरडायचं होतं, पण धाप लागली म्हणून बसूनच बोलले. "माझ्या बहिणीच्या अंगात सुई जाते आणि मी सीताफळं खात झोके घेते?"

हे खाली बघत म्हणाले, "तुझं तुला काय कमी आहे म्हणून अजून हे सांगायचं?"

"आणि माझं काय लपवलं?"

"तुझं काहीच नाही. तुझ्यासमोर सांगितलं तेवढंच."

"मग झोपाळा?"

ह्यांना प्रश्नच कळला नाही. "तूच म्हणालीस ना," ते म्हणाले. लेक तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि हसता हसता रडली.

माझा विश्वास बसला नाही. ज्यांनी एक गोष्ट इतकी बेमालूम लपवली, ते दुसरी का नाही लपवणार? पण आता निदान वाट बघायला दोघी होतो. उरलेली दिवाळी आम्ही बहिणी झोपाळ्यावर बदाम सात खेळलो. मला गर्दीत जायची बंदी, तिला कुठे जावंसं वाटेना. ती पत्ते लपवायची, मी पकडायची. गल्लीतली पोरं भुईनळे लावायची तेव्हा मी मास्क लावून खिडकीत उभी राहायची आणि ती माझ्या मागे, डाव्या हाताने माझा खांदा धरून. कधी ती गप्प झाली की मी विचारायची, "दुखतंय का?" ती म्हणायची, "न्हाई." मी तेही खरं मानायची नाही.

सुट्ट्या संपल्यावर ह्यांच्या फोनवर निरोप आला. हे म्हणाले, "साधी गाठ आहे. काही नाही त्यात." बहिणीने लगेच वाटूरला फोन लावला. मी ह्यांचा चेहरा बघत होते. ह्या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही, पण मला तेवढं पुरेना. "मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकणार," मी म्हणाले.

माझ्या पुढच्या डोसला बहिणीलाही बरोबर नेलं. तिथे मी डॉक्टरांना सांगितलं, आज कोणी बाहेर जायचं नाही, दार उघडं ठेवा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि काय झालं असावं ते त्यांना उमगलं. बहिणीची गाठ कर्करोगाची नाही, दर वर्षी तपासणी मात्र करायची, असं त्यांनी तिला नीट समजावलं. मग मी विचारलं, "माझं?" त्यांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. आधीची गाठ आणि आताची. मी चष्मा लावून, पडद्याजवळ जाऊन पाहिलं. लहान झाली होती.

"ह्यांना वेगळं काही सांगितलंय का?"

"नाही. आणि चूक माझी झाली," डॉक्टर म्हणाले. "तुम्हालाच सांगायला हवं होतं."

त्या दिवशी सलाइनची नळी हाताला असताना मला शांत झोप लागली. बहीण उशाला बसून होती. संध्याकाळच्या बसने ती वाटूरला गेली, कारण कापूस झाडावर फुटून लोंबायला लागला होता.

थंडीत माझं ऑपरेशन झालं. पुढच्या जूनला मी शाळेत रुजू झाले. केस आलेत, आधीपेक्षा कुरळे. घरात कोणी हळू आवाजात बोललं की मी अजूनही हातातलं काम टाकून तिथे जाऊन उभी राहते. बहुतेक वेळा विषय गॅस सिलिंडरचा असतो. बहीण वर्षातून एकदा तपासणीला जाते आणि तपासणी झाली की तिथूनच मला फोन लावते. परवा तिने फोन सरळ डॉक्टरांच्या हातात दिला. मला मागून तिचा आवाज ऐकू आला, "तुमीच सांगा साहेब. माझ्यावर बिलकुल विश्वास न्हाई तिचा."