कनुभाईंचा नमस्कार

"कनुभाई, नळी समोर!" मी ओरडलो. त्या सकाळी कितव्यांदा, ते देवच जाणे. कनुभाई रिव्हॉल्व्हरसकट माझ्याकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, "हां जी, साहेब?"

आता नळी माझ्या पोटावर.

फौजेतून रिटायर होऊन मी बडोद्याच्या एका रायफल क्लबात कोच झालो होतो. नव्वदीनंतर वाघोडियात कारखाने वाढले, गोत्रीकडे बंगले उठले आणि रिव्हॉल्व्हर शिकायला शेठलोक यायला लागले. कनुभाईंचा प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना. ते टूरवर असताना गोत्रीच्या बंगल्यात चोर शिरले होते. बायको आणि मुलगी आतल्या खोलीत कडी लावून बसल्या. तेव्हापासून यांची झोप उडालेली. लायसन्सच्या अर्जाला जोडायला त्यांना क्लबचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यावर सही माझी लागायची.

नेम वाईट नव्हता. पण कोणी हाक मारली की माणूस अख्खा वळायचा. रेंजचा पहिला नियम साधा आहे. हत्यार भरलेलं असो की रिकामं, नळी टार्गेटकडे. बोलायचंय? आधी हत्यार टेबलावर ठेवा, मग वळा.

"पाठ करून बात करायची? सारूं ना लागे, बरं नाय दिसत, साहेब," कनुभाई म्हणायचे. जन्म धंद्यात गेलेला, समोरच्याकडे तोंड करूनच बोलायची सवय. त्यात कोणी 'जय श्रीकृष्ण' म्हटलं की हे दोन्ही हात जोडणार. आणि हातांच्या मधोमध रिव्हॉल्व्हर!

समजावलं, दरडावलं, रिकाम्या हत्यारावर सराव घेतला. पालथ्या घड्यावर पाणी. घरी जाऊन मी विनाकारण बायकोवर खेकसायला लागलो.

वर आमचे सेक्रेटरी पवारसाहेब मागे लागलेले. "शिर्के, सही करून टाक ने! सोन्यासारखा माणूस. क्लबाला पंखे दिलेत त्यांनी."

"पंखे चांगले आहेत, साहेब. माणूसही चांगला आहे. पण नळी फिरते."

"तू फार किचकट आहेस. उद्या मीच येतो बघायला."

दुसऱ्या दिवशी कनुभाईंनी चार गोळ्या सुरेख मारल्या. मला उगाच आशा वाटायला लागली. दोन गोळ्या अजून आत होत्या. तेवढ्यात मागचं दार उघडून पवारसाहेब गरजले, "जय श्रीकृष्ण, कनुभाई!"

कनुभाई वळले. हात जुळायला लागले. मी झडप घालून त्यांचं मनगट वर ढकललं आणि गोळी सुटली. छपराच्या पत्र्याला भोक पडलं. पवारसाहेब सफारी सूटसकट जमिनीवर आडवे. लागलं कोणालाच नाही.

मी रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवलं. ओठांवर शिव्या आल्या होत्या. पण कनुभाई खाली बसून रडत होते.

"शिर्केसाहेब," ते म्हणाले, "घरी दार उघडलं की पहेलं जय श्रीकृष्ण माझी बेबी बोलते."

शिव्या गिळल्या. पवारसाहेब कपडे झटकत उठले. सहीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

कनुभाईंनी अर्ज मागे घेतला. बंगल्याला लोखंडी जाळ्या बसवल्या, वॉचमन ठेवला. चोर पुन्हा आले नाहीत.

एवढ्या वर्षांच्या कोचगिरीत मला कळलं ते इतकंच: नेम कोणालाही शिकवता येतो. भल्या माणसाचा नमस्कार सोडवता येत नाही. कनुभाई आजही बाजारात भेटले की हात जोडतात. मी आधी ते हात रिकामे आहेत ना ते बघतो, मग माझे जोडतो.