बोलेरोची लोड टेस्ट

माझा उजवा बूट मिस फिलोमिनाच्या पायावर होता आणि खालून अप्पा कामत काठीने छत ठोकत होते. "पडली! परत आमटीत माती पडली!"

मी तिथे नाचायला गेलो नव्हतो. वॉर्ड ऑफिसात सब-इंजिनियर होतो. नवा कोरा बी.ई., परळच्या आमच्या चाळीतला पहिला ग्रॅज्युएट. खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराची तक्रार आली होती: वरच्या डान्स क्लासमुळे खालच्या अप्पांच्या बिऱ्हाडात माती पडते, मजला धोकादायक आहे. मी 'धोकादायक' एवढा शब्द लिहिला, की क्लास बंद. आणि मिस फिलोमिनाचं पोट त्या क्लासवरच होतं.

आधी रीतसर लोड टेस्ट केली. म्हणजे मजल्यावर वाळूची पोती रचायची आणि खालच्या तुळया किती वाकतात ते मोजायचं. तुळया ठणठणीत निघाल्या.

"पोती नाचत नाहीत," अप्पा म्हणाले.

साहेबांनाही ते पटलं. "अहो, मग नाचवून बघा. सोमवारी रिपोर्ट हवा."

शनिवारी क्लास भरला, पण संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यामुळे गिरगावातले रस्ते अडले होते. एक पुरुष कमी पडला.

"वजन कमी भरला तर टेस्ट खोटी, नाय?" म्हणत मिसने माझा हात धरला.

बोलेरो म्हणजे प्रेमाचा संथ नाच. एक लांब पाऊल, दोन आखूड, आणि कंबर हलती ठेवायची. आमच्याकडे बापाने आईचा हात एकदा लग्नात धरला, तेवढाच. मी घामाघूम. त्यात खालून अप्पा, "बाहेर लोक मुंबईसाठी लाठ्या खातायत, आणि तुम्ही नाचताय!"

"आमी मुंबईचेच, अप्पा! तुमच्या आदीपासून!" मिसने खिडकीतून सुनावलं.

तेवढ्यात मला ऐकू आलं. लांब पावलाला सगळ्यांच्या टाचा धाडकन आपटत होत्या, माझी सगळ्यात जोरात. तुळया शाबूत होत्या. फळ्यांच्या फटींतली जुनी माती तेवढी उडत होती.

आता, चाळीत वरच्या मजल्यावरचं पोर चालायला लागलं की पहिलं हेच शिकतं: चवडा आधी, टाच शेवटी. नाहीतर खालची काकू सात पिढ्यांचा उद्धार करते. ऑफिसचे बूट चढवल्यापासून मी ते विसरलो होतो. मी बूट काढले आणि मोज्याच्या भोकासकट सगळ्यांना चालून दाखवलं.

"अरे, हेच तर मी दोन वर्सं सांगते!" मिस ओरडली. "पण इंग्लिशमदी."

पुन्हा रेकॉर्ड लागली. काठी वाजली नाही. पाच मिनिटांनी अप्पाच जिना चढून आले. "गेले का सगळे?" सगळे नाचत होते.

सोमवारी मी लिहिलं: 'मजला सुरक्षित. वर्गास हरकत नाही. अट: नाचताना चवडा आधी टेकवावा.'

"ही अट कुठल्या नियमात बसते?" साहेबांनी विचारलं.

"परळच्या, साहेब."

त्यांनी सही केली.

तात्पर्य, तुळईला दोष देण्याआधी वर कोण कसं चालतंय ते बघावं. मिस फिलोमिनाने मात्र माझा निकाल त्या शनिवारीच लावला होता. पाय पास, कंबर नापास. ग्रॅज्युएट झाल्यावर मी नापास झालो ती तेवढी एकच परीक्षा.