कमी लागणारी रायफल

लष्करात सोळा वर्षं काढली, पण रायफल मला कळत नव्हती. हे मी गावात कितीदा सांगितलं, कुणी ऐकून घेतलं नाही. मी मूळचा उंब्रजकडचा, पेन्शनीत आल्यावर सांगली जिल्ह्यात सासुरवाडीच्या गावी येऊन राहिलेला. सातारचा माणूस, त्यात मिलिट्रीतला, म्हणजे त्याला बंदुका कळणारच, असा लोकांचा ठाम समज. प्रत्यक्षात मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. भरती झाल्यावर रायफल चालवायला शिकवली, पुढे वर्षातून एकदा निशाणावर थोड्या गोळ्या झाडल्या, एवढाच तिचा माझा संबंध. मला ठाऊक होतं ते गोळी लागल्यानंतरचं. एकाहत्तरच्या लढाईत फील्ड हॉस्पिटलच्या तंबूत डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली उभा राहून मी ते पाहिलं होतं. बाहेरून बोराएवढं भोक, आणि माणूस आपल्याकडं बघत विचारतो, जास्त काही नाही ना? आपण म्हणायचं, नाही.

गावात आठवड्यातून दोनदा डॉक्टर येत. बाकीचे दिवस त्यांचा दवाखाना मी उघडायचो. जखम धुवायची, पट्टी बांधायची, जमलं तर टाका घालायचा.

आमच्या रानाला लागून आण्णांचं रान होतं. आण्णा जैन शेतकरी, साठी ओलांडलेले. ऊस आणि हळद करायचे. गावापासून मैलभर लांब शेतातल्या वस्तीवर आण्णा, त्यांची बायको आणि दोन मुलगे राहायचे. दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारा, वाटेत मुंग्यांची रांग लागली तर लांब ढांग टाकून पलीकडं जाणारा माणूस. आण्णांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत.

एका दिवाळीच्या आधी त्या वस्तीवर दरोडा पडला. बापलेक हळदीच्या रानात पाणी धरायला गेले होते, आक्का एकट्या होत्या. चौघं आत शिरले. ट्रंक फोडली, आणि कानातलं निघेना म्हणून ओढून काढलं. आण्णा त्यांना गाडीत घालून माझ्याकडं घेऊन आले. फाटलेल्या पाळीला मी चार टाके घातले.  सगळा वेळ आक्का दवाखान्याच्या दाराकडं बघत होत्या. मी कडी लावून घेतली तेव्हा कुठं त्यांनी मान खाली घातली.

त्यानंतर थोरल्या मुलानं रायफलीच्या लायसनचा ध्यास घेतला. जमीन आण्णांच्या नावावर, म्हणून अर्जही आण्णांच्या नावानं. वर्षाहून जास्त तो कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. घरी चौकशीला पोलीस येऊन गेले, आण्णांचा फोटो काढून झाला, आणि एक दिवस लायसन आलं. ते फडक्यात गुंडाळून आण्णा माझ्या दारात आले.

"तू मिलिट्रीत हुतास. आमच्यासंगं चल," ते म्हणाले. "कुठल्या कंपनीची घ्यायची, काय बघायचं, आमाला काय ठावं न्हाई."

"आवं आण्णा, मलाबी त्यातलं काय कळत न्हाई. मी पट्ट्या बांधणारा माणूस."

"आमच्यापरास तर कळतंय न्हवं?"



आधी आम्ही साताऱ्याला गेलो, कारण थोरल्याचं म्हणणं, फौजींचा जिल्हा आहे, तिथं माल चांगला असणार. तिथल्या दुकानात नेमकी एकच रायफल शिल्लक होती आणि दुकानदार तिचं इतकं कौतुक करत होता की आण्णा आपोआप एकेक पाऊल मागं सरकत दारापर्यंत गेले. नंतरच्या आठवड्यात सांगलीला गेलो.

सांगलीचा दुकानदार शांत माणूस होता. त्यानं लायसन वाचलं, आण्णांच्या चेहऱ्याशी फोटो ताडून पाहिला, आणि काउंटरवर हिरवं कापड अंथरून तीन रायफली ओळीनं ठेवल्या.

"ही सरकारी कारखान्याची, तीनशे पंधरा. आपल्याकडं शेतकरी हीच नेतात, काडतुसं कुठंही मिळतात. ही विलायती, जुनी. एका संस्थानिकाच्या घरातली. तनखे बंद झाल्यापासून असा माल विकायला येतो. असं लाकूड आता बघायला मिळणार नाही. आणि ही झेक बनावटीची, पॉइंट टू-टू. वजनाला हलकी. बाईमाणूससुद्धा उचलेल."

थोरल्यानं सरकारी रायफल खांद्याला लावून पाहिली. त्याचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ त्याच्यावर कसलं ओझं होतं ते मला तेव्हा दिसलं. आईचा कान फाटला तेव्हा तो घरी नव्हता.

"काका, ही कशी वाटती?" त्यानं मला विचारलं.

मी उगीचच बोल्ट मागंपुढं केला, नळीत डोकावलो, लाकडावरून हात फिरवला. लष्करात साहेबलोक तपासणीच्या वेळी करताना पाहिलं होतं तसं. दुकानदारानं माझ्याकडं आदरानं पाहिलं, त्यामुळं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठली कंपनी चांगली, कुठली टिकाऊ, कुठलीचा नेम सरळ, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आण्णा हात मागं बांधून उभे होते. त्यांनी एकाही रायफलीला बोट लावलं नव्हतं. मग ते माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "ह्यातली कमी लागणारी कंची?"

दुकान लहान होतं. सगळ्यांनी ऐकलं. दुकानदार हसू दाबत म्हणाला, "आजोबा, रायफल घ्यायला आलाय की पिचकारी?" थोरला शरमून रस्त्याकडं बघायला लागला.

"आण्णा, समद्या लागत्यात," मी म्हणालो.

"व्हय. पर कमी कंची लागंल? नुसतं भ्याव वाटलं पायजे. मानूस मरू ने."

दुकानदारानं दोन काडतुसं कापडावर ठेवली. तीनशे पंधराचं बोटाएवढं होतं. झेक रायफलीचं शेंगदाण्याएवढं. आण्णा त्या दोन्हींकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिले. तंबूत दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं मला आठवत होतं. बारकी गोळी पुष्कळदा बाहेर पडत नाही, आत राहते, आणि ती कुठवर गेलीय ते शोधताना डॉक्टरांच्या कपाळाला घाम फुटतो. हे मी तिथं बोलू शकलो असतो. बोललो असतो तर आण्णांनी काय केलं असतं? लायसन आलेलं होतं, मुलगा बाजूला उभा होता, घरी आक्का वाट बघत होत्या. काहीतरी घेऊनच परत जायचं होतं.

"ही," मी बारक्या काडतुसावर बोट ठेवलं. "ही त्यातल्या त्यात बारकी."

"काका, ह्यानं चोर पळंल व्हय?" थोरला चिडून म्हणाला.

"मिलिट्रीवाला सांगतोय न्हवं?" आण्णा म्हणाले. "मग हीच."

परतीच्या एस्टीत थोरला माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आण्णा मात्र मोकळे झाल्यासारखे वाटले. दोनदा मला म्हणाले, "बरं झालं गड्या तुला आणलं."

रायफल घरात आली ती देवाच्या खोलीपासून सगळ्यात लांबच्या, हळदीची पोती ठेवायच्या खोलीत टांगली गेली. थोरला ती पुसायचा, तेल द्यायचा. पहाटे उसात कोल्हे शिरले तर एखादी गोळी झाडायचा. आण्णा तो आवाज आला की जिथं असतील तिथं थांबायचे. मला हे धाकट्यानं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी आण्णा दवाखान्यात आले. त्यांच्या दोन्ही हातांवर उपरण्यात गुंडाळलेलं त्यांचं तांबडं कुत्रं होतं. मैलभर ते तसंच चालत आले होते. उजाडताना उसाच्या कडेला काहीतरी हललं, थोरल्याला कोल्हा वाटला. कुत्र्याच्या पोटाला, बरगडीच्या खाली, एक भोक होतं. त्यावर बोटाचं पेर ठेवलं तर झाकलं जाईल एवढंच. रक्तही फारसं नव्हतं.

"बघ की," आण्णा म्हणाले. "लय न्हाई लागलेलं. बारीक हाय."

मी जखम धुतली. पेनिसिलिन होतं ते दिलं. पोट हाताला कडक लागत होतं, आणि त्याचा अर्थ मला चांगला माहीत होता. आमच्याकडं माणसाचं पोट उघडायची सोय नव्हती, कुत्र्याचं कोण उघडणार? जनावरांचा डॉक्टर तालुक्याला. निरोप पाठवला, तो काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते जगलं. आण्णा तोवर दवाखान्याच्या कट्ट्यावर बसून होते. जेवले नाहीत, पाणीही घेतलं नाही. मी दोनदा म्हणालो, घरी जाऊन या, तर नुसती मान हलवली. कुत्रं गेल्यावर ते बराच वेळ त्याच्या कानावरून हात फिरवत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू म्हणालास बारकी हाय."

मी म्हणालो, "व्हय आण्णा."

त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो दिला नाही.

चारेक दिवसांनी त्यांनी मला वस्तीवर बोलावलं. रायफल विकायची, त्यासाठी अर्ज लिहून दे, म्हणाले. मुलं रानात होती. ओसरीवर बसून मी अर्ज लिहिला. सही करायला आण्णांनी पेन हातात घेतलं तेवढ्यात आक्का बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर जरा मागं सरला होता आणि मी टाके घातलेला कान दिसत होता. वेडावाकडाच जुळला होता तो.

"काय लिवताय?" त्यांनी विचारलं.

आण्णांनी सांगितलं.

आक्का खांबाला धरून खाली बसल्या. "ते घरात हाय म्हनून माझा डोळा लागतो," त्या म्हणाल्या. "मलाबी ते आवडत न्हाई. कुत्र्याचं मला काय वाटलं न्हाई व्हय? मीच त्याला भाकरी घालत हुते. पर त्याच्याआधी मी कवा झोपत हुते, इचारा की मला. कवा इचारलं न्हाई तुमी."

आण्णा पेन हातात धरून बसून राहिले. आक्का माझ्याकडं वळल्या. "तुमी सांगा ह्यास्नी. तुमी माझा कान शिवलाय."

 एकाची बाजू घ्यावी तर दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. मी चहा नको म्हणून उठलो. आण्णांनी कागदाची घडी करून कोपरीच्या खिशात घातली. तो अर्ज त्यांनी पुढं कधी दिला नाही.

सत्याहत्तरच्या निवडणुकीच्या आधी हुकूम आला, लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करा. हुकूम कळला त्याच दिवशी आण्णा रायफल घेऊन गेले. परत आले ते तालुक्याहून पेढे घेऊन. मला एक दिला. 

पण निवडणूक होऊन गेली, लोकांनी आपापल्या बंदुका सोडवून आणल्या, तरी आण्णा जाईनात. आज पाणी आहे, उद्या बाजार आहे. धाकटा एकदा सांगत होता, आई भिंतीला टेकून बसलेली असती आणि आण्णा तिच्यासंगं बसत्यात, दोघंबी गप. शेवटी ठाण्याचा निरोप आला आणि आण्णा पुन्हा माझ्या दारात उभे राहिले.

"चल," एवढंच म्हणाले.

हवालदारानं रजिस्टरात सही घेतली आणि कॅनव्हासच्या पिशवीतली रायफल समोर ठेवली. आण्णांनी ती उचलली नाही, म्हणून मी उचलली. वाटेत जैन मंदिर लागलं. आण्णा दर्शनाला आत गेले, मी ती पिशवी घेऊन रस्त्याच्या पलीकडं एका पानपट्टीच्या सावलीत थांबलो. एवढा वेळ ते कधी आत थांबत नसत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

एस्टीत लोकांनी आम्हाला गरजेपेक्षा जास्त जागा करून दिली. आण्णा खिडकीशी बसले, मी रायफल गुडघ्यांत उभी धरली.

फाट्यावर उतरलो तर आक्का रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या होत्या. वस्तीपासून एकट्या चालत आल्या होत्या. दरोड्यानंतर त्या एकट्या कुठं गेल्याचं मला आठवत नाही. त्यांनी माझ्यापुढं दोन्ही हात केले. मी आण्णांकडं पाहिलं. ते दुसरीकडंच बघत होते. मी पिशवी आक्कांच्या हातात दिली.

"नीट हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो.

त्यांनी ती लेकरू घ्यावं तशी छातीशी धरली आणि चालायला लागल्या. आण्णा दहाबारा पावलं मागं राहून त्यांच्या मागून निघाले. मी बांधापर्यंत दोघांच्या बरोबर गेलो आणि तिथून माझ्या वाटेला लागलो.