सोजराबाईची आळी

वसमतच्या मोंढ्यात, धान्य-हळदीच्या बाजारात, हळद निवडणारी सोजराबाई अकरा वर्षं एकाच पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहिली. मालकानं खोली पाडून दुकानांचे गाळे काढले, तशी ती लेकीला, शीतलला, घेऊन दुसरी खोली शोधत फिरली. कुठं भाडं मजुरीच्या पलीकडचं, कुठं आडनाव ऐकून दार लोटलेलं. शेवटी गावाच्या कडेच्या पडीक सरकारी जागेवर तिनं ताडपत्री ताणली. तिथं आधीच सोळा बिऱ्हाडं होती. गावाला त्यांचे हात हवे होते, पण त्यांना परवडंल अशी एक खोली गावात नव्हती.

तिनं घरकुलाचा अर्ज केला, तर कचेरीतला बाबू म्हणाला, "जागेचा उतारा आणा."

"साहेब, जागा न्हाई म्हणून तर घर मागून राहिले!"

बाबू हसला. सोजराबाई तडक तहसीलबाहेर अर्ज लिहिणाऱ्या रत्नपालकडं गेली.

"मावशी, बेघरांना सरकारी जागा मिळू शकते," तो म्हणाला. "पण सगळ्यांनी मिळून मागा. आन् इथं कितीक वर्षं राहता, त्याचा पुरावा लागंल."

ताडपत्रीला कुठला आलाय घर नंबर! रात्रभर विचार करून ती सकाळी किशनराव आडत्यासमोर उभी राहिली.

"मालक, तुमची हळद कोन निवडती?"

"तूच की."

"कितीक वर्षं?"

"झाली धा-अकरा."

"मंग तेवढंच सही करून लिहून द्या."

किशनरावांनी कागद ओढला आणि सही करून लिहून दिलं. ते बघून हॉटेलवाल्यानं, वीटभट्टीवाल्यानंही आपापल्या माणसांसाठी लिहून दिलं. सतरा अर्ज एकदम गेले.

पुढं दीड वर्ष दर सोमवारी सतरा घरची माणसं कचेरीच्या पायऱ्यांवर बसली. साहेब दोनदा बदलले. तिसऱ्यानं फाइल नीट वाचली आणि मोजणी लावली. जागा नावावर झाली, घरकुलं मंजूर झाली.

यादीत पहिलं नाव सोजराबाईचं होतं. ती म्हणाली, "आधी मोतीबाईचं बांधा. म्हातारीला दिसत न्हाई, ताडपत्रीच्या दोरीत पाय अडकून पडती." स्वतःचं घर तिनं सगळ्यात शेवटी बांधलं.

दसऱ्याला त्याला दार बसलं. सोजराबाई आत गेली, आतून कडी घातली, काढली, पुन्हा घातली.

"आई, काय करून राहिली?" शीतलनं बाहेरून विचारलं.

"थांब गं," ती आतून म्हणाली, "आजून एकदा लावू दे!"

अख्खी आळी खदखदून हसली.